दोन मिनिटांची साडेसहा मिनिटं

अंकासाठी ‘काहीतरी आयटीचं लिही’ असा निरोप आला होता. पण एआयवर लिहिणारे आपल्या मंडळात माझ्यापेक्षा हुशार लोक आहेत. तो विषय त्यांना सोडून मी माझ्या चेहऱ्यावर लिहिते आहे. चेहरा आता बराच सावरलाय, म्हणून हिंमत होतेय.

गेल्या एप्रिलमध्ये वणीला मावसभावाचं लग्न होतं. सोळा दिवस बाकी असताना, एका रात्री साडेदहा वाजता, आदिलाबादच्या आमच्या घरातल्या बाथरूममध्ये आरशासमोर उभं राहून मी चेहऱ्यावर ३० टक्के ग्लायकोलिक अ‍ॅसिड लावलं. याला केमिकल पील म्हणतात. पील म्हणजे साल. बटाट्याची काढतो तशीच, फक्त सुरीच्या जागी आम्ल. हे आज लिहिताना जेवढं भयंकर वाटतंय तेवढं त्या रात्री अजिबात वाटलं नव्हतं.

मला पिंपल्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सुरू झाले. नोकरी लागली तरी ते गेले नाहीत, आणि गेले तेव्हा दोन्ही गालांवर तपकिरी डाग ठेवून गेले. हैदराबादला ऑफिसात जात होते तोवर त्याचं फारसं काही वाटायचं नाही. मग आदिलाबादला येऊन घरून काम सुरू झालं आणि दिवसातले चार-पाच तास स्क्रीनच्या कोपऱ्यात स्वतःचाच चेहरा बघायची वेळ आली. इतका वेळ स्वतःला बघत बसणं माणसाला झेपत नाही, असं माझं मत झालं आहे. त्यात घरी माझा बायोडाटा पुन्हा एकदा ‘अपडेट’ होत होता. नाव, शिक्षण बी.ई., उंची, गोत्र, आणि मग ती ओळ: वर्ण. बाबांनी पूर्वी ‘गव्हाळ’ लिहिलं होतं. आत्याने फोनवर सुचवलं, “अरे, निमगोरी लिही की. कोण मोजायला येतंय?” सगळे हसले. मीही हसले. आणि त्याच आठवड्यात ती बाटली मागवली.

बाटली सुंदर होती. काचेची, ड्रॉपरवाली. पत्ता आदिलाबादचा टाकूनही तीन दिवसांत घरी आली याचंच मला कौतुक. ज्या रीलमुळे मागवली त्यात एक मुलगी हेच दहा मिनिटं चेहऱ्यावर ठेवून गाणं गुणगुणत होती आणि शेवटी तिचे गाल काचेसारखे चमकत होते. खोक्यावर बारीक इंग्रजीत वेगळंच लिहिलेलं होतं. पहिल्या वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही. रेटिनॉइड चालू असेल तर नाही. सोललेल्या, कापलेल्या त्वचेवर नाही. नंतर आठवडाभर उन्हापासून जपा. यातलं ‘दोन मिनिटं’ एवढंच मी पाहिलं होतं, बाकीचं नंतर वाचलं. रोज ज्युनिअर मुलांना “आधी डॉक्युमेंटेशन वाचा रे” म्हणून ओरडणारी मी.

टायमर मात्र लावला होता. पहिल्या अर्ध्या मिनिटातच झिणझिण्या आल्या. मला वाटलं, वा, काम करतंय. ऐंशी सेकंद झाले असतील आणि फोन वाजला. त्या आठवड्यात माझी ऑन-कॉलची पाळी होती. सर्व्हर पडला होता, क्लाएंट ओरडत होता. मी तशीच बाहेर आले, लॅपटॉप उघडला, लॉगिन केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, “आता बघा” म्हटलं, आणि तेव्हा लक्षात आलं की गाल पेटलाय. चेहरा नेमका किती वेळाने धुतला हे मला इतक्या काटेकोरपणे माहीत आहे, कारण दुसऱ्या दिवशी मी लॉग बघितले. फोन आल्याची वेळ आणि सर्व्हिस सुरू झाल्याची वेळ यांत पाच मिनिटं. दोनाची साडेसहा मिनिटं झाली होती.

चेहरा लाल होता. उजव्या गालाच्या हाडावर आणि वरच्या ओठावर पांढुरकी झाक होती. दोन दिवसांपूर्वी अप्पर लिपचं थ्रेडिंग करून आले होते, आणि पिंपल्ससाठी अ‍ॅडॅपलीनची जेल आदल्या रात्रीपर्यंत रोज लावत होते. अ‍ॅडॅपलीन हे रेटिनॉइडच, पण त्या वेळी हा शब्द माझ्या डोक्यात जुळलाच नाही. ती त्वचेचा वरचा थर आधीच पातळ करते. दोऱ्याने तो आणखी सोलला होता. म्हणजे दार मीच उघडं ठेवलं होतं.

तरी इथवर भागलं असतं. सकाळी लाली उतरली होती आणि मी स्वतःवर खूश होते. खरी चूक पुढच्या दोन दिवसांत, आमच्या गच्चीवर झाली.

आईचं वाळवण होतं. कुरडयांचा गहू तीन दिवस भिजलेला, चीक काढून ठेवलेला. तो पहाटे शिजवायचा आणि ऊन चढायच्या आत सोऱ्याने घालून मोकळं व्हायचं, हा आमच्या घरचा नियम. आईचा खांदा दुखतो म्हणून सोऱ्या माझ्याकडे. आदिलाबादचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. हिवाळ्यात तेलंगणातली सगळ्यात कडक थंडी आमच्याकडे आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ कडे. सकाळी साडेआठलाच गच्ची पायाला चटके देते. मी दोन्ही दिवस नऊ-साडेनऊपर्यंत वर होते. ओढणी बांधली होती, पण सोऱ्या दाबताना ती दर दोन मिनिटांनी घसरायची. सनस्क्रीन? “घरातच तर आहे” म्हणून लावलं नव्हतं. शेजारच्या गच्चीवर आंटी आवकायसाठी कैऱ्या पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कठड्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, “एमैंदम्मा?” काय झालं गं? मी म्हटलं, काही नाही आंटी, फेशियल केलं.

तिसऱ्या दिवशी पापुद्रे निघायला लागले. ते ओढायचे नसतात. मी ओढले. (ते न ओढणारा माणूस मला दाखवा.) खाली गुलाबी, चिकट त्वचा. आठव्या दिवशी त्या गुलाबीच्या जागी कॉफीच्या रंगाचा डाग होता. उजव्या गालावर रुपयाच्या नाण्याएवढा, आणि ओठावर दुसरा, लांबट, मिशीसारखा. आजीने पाहिलं आणि तिची वऱ्हाडी बाहेर आली, “काय वं पोरी, तोंडाले काय लावलं?”

हळदीच्या दिवशी मी “गालाला नको, गालाला नको” करत मांडवभर पळत होते. लग्नात फाउंडेशनचा थर चढवला. फोटोत तो भाग राखाडी दिसतो. ज्या डागांसाठी हा खटाटोप केला होता ते या नव्या डागापुढे कुणाला दिसतही नव्हते. आत्याने तेवढ्या गर्दीत जवळ येऊन हळूच विचारलं, “वांग उठलाय का गं?”

आता थोडं शास्त्र. हे मी तेव्हाच वाचायला हवं होतं.

आपल्या त्वचेचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर सरकतात, जुन्या गळतात. तरुणपणी ही फेरी साधारण चार आठवड्यांची. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही आम्लं त्या मेलेल्या पेशींना एकमेकींना धरून ठेवणारी पकड सैल करतात आणि थर लवकर गळतो. कल्पना जुनी आहे. हँबर्गचे त्वचारोगतज्ज्ञ उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, फिनॉल, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्ल यांचे त्वचेवरचे परिणाम लिहून ठेवले. ग्लायकोलिकच्या घराण्याकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं ते १९७४ मध्ये, व्हॅन स्कॉट आणि यू या दोघांच्या कामामुळे, आणि ते काम सौंदर्यासाठी नव्हतंच. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा होणारा इक्थिओसिस नावाचा आजार आहे, त्याच्या रुग्णांसाठी ते होतं. म्हणजे ही आम्लं औषध म्हणूनच आली. नीट माणसाच्या हातात ती अजूनही औषध आहेत, आणि माझ्या अनुभवावरून “सगळं केमिकल वाईट” असा निष्कर्ष कुणी काढू नये. पाणीसुद्धा केमिकलच आहे.

प्रश्न खोलीचा असतो. पील वरवरचं, मध्यम आणि खोल अशा तीन पातळ्यांचं असतं. खोल पील फिनॉलचं, त्यात हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून ते मॉनिटर लावून करतात. ग्लायकोलिक हे वरवरच्या पीलचं आम्ल, पण त्याला एक खोड आहे: ते आपणहून थांबत नाही. सॅलिसिलिकचं पील लावल्यावर त्याचं काम बरंचसं आपणच आटोपतं. ग्लायकोलिक मात्र धुवून किंवा सोड्याच्या पाण्याने उदासीन करेपर्यंत आत उतरतच राहतं. म्हणून दवाखान्यात ते घड्याळ हातात धरून करतात आणि त्वचेकडे बघत बसतात. लाली कुठे जास्त येतेय, पांढरं कुठे पडतंय, की लगेच तेवढा भाग उदासीन करतात. माझ्याकडे बघायला कुणी नव्हतं. मीसुद्धा नव्हते, मी सर्व्हरकडे बघत होते.

दुसरी गोष्ट आपल्या रंगाची. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये, ऊन लागल्यावर त्वचा लाल होते की काळवंडते यावरून तिचे प्रकार पाडले. सुरुवातीला ती वर्गवारी गोऱ्या कातडीपुरतीच होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. आपण बहुतेक भारतीय चौथ्या-पाचव्यात येतो. गंमत अशी की रंग बनवणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारखीच असते. आपल्या पेशी जास्त कामसू असतात, एवढाच फरक. त्यांना कुठलीही इजा चालत नाही. भाजलं, खरचटलं, पिंपल फोडला, आम्ल जास्त झालं की त्या रंग ओततात. वैद्यकात याला पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिग्मेंटेशन म्हणतात. माझे कॉलेजचे डागही तेच होते आणि नवा डागही तेच. रीलमधल्या त्या मुलीची त्वचा दुसऱ्या प्रकारातली असावी. चुकलं तरी ती आठवडाभर लाल दिसली असती आणि विषय संपला असता. त्याच चुकीला मला सात महिने लागले.

आणि ऊन. अमेरिकेच्या एफडीएने पूर्वी करवून घेतलेल्या अभ्यासात, या आम्लांची क्रीम चार आठवडे लावलेली त्वचा अतिनील किरणांना सुमारे १८ टक्क्यांनी जास्त हळवी झालेली दिसली, आणि लावणं थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्ववत झाली. बाटलीवरचा ‘एक आठवडा’ येतो तो इथून. हे साध्या क्रीमचं झालं, माझ्या बाटलीचं नव्हे. त्यावर आमचा एप्रिल, जेव्हा दुपारचा यूव्ही इंडेक्स सहज अकराच्या घरात जातो. अकराच्या पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ‘अतितीव्र’ ही शेवटची पायरी आहे, त्याच्यावर काही नाही.

लग्नाहून परत आल्यावर एका ओळखीच्या काकूंनी मायेने एक ट्यूब आणून दिली. “मेडिकलवाल्याने दिली गं, माझ्या सुनेचा वांग पंधरा दिवसांत गेला.” छोटी, स्वस्त, गोंडस नावाची. एकदा पोळल्यामुळे या वेळी मी घटक वाचले. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. शेवटचं स्टिरॉइड.

हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी ठरावीक आठवडे देतात, त्यात गैर काही नाही. पण आपल्याकडे ते फेअरनेस क्रीमसारखं महिनोन्‌महिने लावलं जातं. सुरुवातीला चेहरा खरंच उजळतो, म्हणून माणूस थांबत नाही. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुरळ आणि लव वाढते, आणि बंद केलं की चेहरा भडकतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब. आपल्या देशात हे इतकं झालं की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला स्वतंत्र नावच दिलं, ‘टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस’, आणि त्यांची संघटना आयएडीव्हीएल याविरुद्ध अनेक वर्षं ओरडते आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा कितीतरी स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. काकूंकडे चिठ्ठी नव्हती. कुणाकडेच नसते.

खरं सांगते, ती ट्यूब तीन दिवस माझ्या टेबलावर होती. सगळं वाचून, समजून, इंजिनिअर असून, रात्री एकदा झाकण उघडलंही होतं. पंधरा दिवसांत जातं म्हणतात, आणि पुढच्या रविवारी ‘पाहुणे’ येणार होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण अशा ट्यूबा घेणाऱ्या बायकांना अडाणी म्हणायची आपल्याला सवय आहे.

पाहुणे आले, डाग बघून गेले. त्यांचं काय झालं ते विचारू नका, तो या लेखाचा विषय नाही. सोमवारी मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. गावातच होते, मी आधी का गेले नाही याला उत्तर नाही. ३०० किलोमीटरवरून बाटली मागवली, पण बस स्टँडपलीकडच्या दवाखान्यात पाऊल टाकलं नाही.

डॉक्टर मराठी-तेलुगू मिसळून बोलणारे. त्यांनी प्रश्न विचारले तेव्हा मला पीलची किंमत कळली. ओठावर ताप फुटतो का? म्हणजे हर्पीज, कारण पीलनंतर तो चेहराभर पसरू शकतो. गेल्या सहा महिन्यांत पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेतल्या का? जखम भरल्यावर वण जाड होतो का? गर्भधारणेचा विचार? थ्रेडिंग, व्हॅक्सिंग कधी केलं? यातला एकही प्रश्न मला बाटलीने विचारला नव्हता. स्वतः पील करायचं असतं तर, ते म्हणाले, आधी दोन ते चार आठवडे त्वचा तयार केली असती, कानामागे थोडं लावून पाहिलं असतं, रेटिनॉइड आठवडाभर आधी बंद केलं असतं, आणि कमी टक्क्यांपासून सुरू केलं असतं. “आणि लग्नाच्या दोन आठवडे आधी तर हात लावला नसता.”

मी उत्सुकतेने विचारलं, मग आता हा डाग काढायला पील करणार का? ते हसले. “पोळलं त्यावर पुन्हा पोळायचं? घरी जा, काही लावू नका.”

पहिले सहा आठवडे औषध म्हणजे एवढंच: साधा फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. बाकी सगळं बंद. साय-हळदसुद्धा बंद, त्यामुळे आई थोडी दुखावली. सनस्क्रीनही रंगीत, आयर्न ऑक्साइड असलेलं. आपल्यासारख्या त्वचेला नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे, दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग पडतात, आणि साधं पांढरं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही, हे मला नवीन होतं. प्रमाणही मी आयुष्यभर चुकीचं लावत होते. बाटलीवरचा एसपीएफ हा दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजलेला असतो. मी मटारएवढं लावायचे. खरं तर दोन बोटांवर लांबवर पिळून निघेल इतकं लागतं, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. नंतर अझेलाइक अ‍ॅसिडची क्रीम दिली. पावसाळा गेला, गणपती गेले, बतुकम्मा झाली, डाग दर महिन्याला किंचित फिका. रोज बघितलं तर कळत नाही. मी दर पंधरा दिवसांनी त्याच खिडकीत फोटो काढून ठेवत होते.

दिवाळीत माझी भाची आली, नांदेडहून, दहावीची. अभ्यंगस्नानाला आजी तिला उटणं लावत होती आणि ती मला म्हणाली, “मावशी, तुझ्या कपाटात एक बाटली आहे, ती मी नेऊ? आमच्या वर्गातल्या तिघी वापरतात. माझ्याकडे दहा टक्केवाला टोनर आहे, हा तीसवाला आहे.”

माझ्या हातातला चहा थंड झाला. ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, पण ‘नाही’ म्हटलं की ती मैत्रिणीकडून घेणार. मी तिला वही आणायला सांगितलं.

दहावीला पीएच असतोच. तिला विचारलं, पीएच ४ आणि पीएच ३ यांत किती फरक? “दहापट,” तिने पटकन सांगितलं. बरं. आता एवढंच समजून घे की ग्लायकोलिकचं सगळंच आम्ल त्वचेत शिरत नाही, मोकळं असलेलं शिरतं, आणि किती मोकळं हे पीएच ठरवतो. पीएच ३.८३ असेल तेव्हा बरोबर अर्धं मोकळं असतं. त्याच्या वर गेलं की भराभर कमी, खाली आलं की जास्त. सूत्र मी दिलं, आकडेमोड तिने केली. दहा टक्क्यांचा टोनर, पीएच ४.५ धरला, तर मोकळं आम्ल पावणेदोन टक्के. तीस टक्क्यांची बाटली, पीएच ३ धरला, तर सव्वीस टक्के. तिने दोनदा तपासलं. बाटलीवरचा आकडा तिप्पट, पण काम जवळपास पंधरापट. “म्हणजे मावशी, नुसते टक्के बघून काहीच कळत नाही?” नाही कळत. अमेरिकेत सौंदर्यप्रसाधनांचे घटक तपासणाऱ्या तज्ज्ञमंडळाने १९९० च्या दशकातच सांगून ठेवलंय: घरी वापरायच्या वस्तूत दहा टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ च्या खाली नको. तीस टक्के शिकलेल्या माणसाच्या हातात, तेही थोडा वेळ आणि लगेच धुवून. जुलै २०२४ मध्ये एफडीएने तर सरळ सूचना काढली की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय केमिकल पील विकत घेऊ नका, वापरू नका. त्यात ग्लायकोलिक, लॅक्टिक, सॅलिसिलिक, ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अशी नावं घालून सांगितलंय, आणि असं एकही पील आम्ही मंजूर केलेलं नाही, हेही.

आजी हे सगळं ऐकत होती. म्हणाली, “म्हून तर म्हणते, आपलं बेसन-दही बरं.” भाचीने लगेच तिला पकडलं, “आजी, दह्यातपण लॅक्टिक अ‍ॅसिड असतं!” खरं आहे, असतं. पण थोडं, आणि दह्याचा पीएच चार-साडेचारच्या आसपास, त्यामुळे आजीच्या उटण्याने कुणी पोळलं नाही. त्यानेही कुणाचा वांग गेलेला मी पाहिलेला नाही, हेही सांगायला हवं. संत्र्याच्या सालीची पूड वासाला छान लागते, तेवढंच. लिंबू मात्र वेगळं प्रकरण. त्याचा पीएच दोन-अडीच. आणि लिंबाच्या रसावर, सालीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे काळे पट्टे उठू शकतात. वर्गातल्या तिघींपैकी एक लिंबू आणि खायचा सोडा लावते म्हणे. सोडा आठच्या वर, त्वचा पाचच्या आसपास. दोन्हीकडून मार.

“पण तुला कशाला पाहिजे हे?” मी शेवटी विचारलं. तिचा चेहरा स्वच्छ होता, कपाळावर चार पुरळ सोडले तर काही नाही. ती थोडा वेळ वहीत रेघोट्या मारत बसली. मग म्हणाली, स्नेहसंमेलनाच्या नाचात तिला मागच्या रांगेत ठेवलंय. का, ते बाईंनी सांगितलं नाही. पण पुढच्या रांगेत कोण आहेत ते तिला दिसतंय.

१९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली, तेव्हा माझी आई शाळेत होती. २०२० मध्ये तिच्या नावातलं ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. भाचीने आयुष्यात गोरं करणारी क्रीम हातात धरलेली नाही. तिच्याकडे टोनर आहे, सिरम आहे, पील आहे. मी तिला बायोडाट्यातल्या ‘निमगोरी’ची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की आजी ओरडली. मग मी तिला माझे खिडकीतले पंधरा-पंधरा दिवसांचे फोटो दाखवले, आणि ती हसायची थांबली.

बाटली मी तिला दिली नाही. तिचा टोनर तिच्याकडे राहिला, काही अटींवर: आठवड्यातून एकदा, रात्री, थ्रेडिंगच्या आसपास नाही, आणि सकाळी दोन बोटं सनस्क्रीन. शाळेच्या मैदानावर असेल त्या आठवड्यात तोही नाही. हे तिच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, तिच्यासमोरच फोन करून सांगितलं. बायोडाट्यातली ती ओळ मी त्याच रात्री काढून टाकली. बाबांनी विचारलं, रिकामी ठेवू? मी म्हटलं, ओळच नको.

नांदेडला पोचल्यावर तिचा मेसेज आला, “मावशी, टोनरच्या बाटलीवर पीएच लिहिलेलाच नाहीये.” मी म्हटलं, कंपनीला विचार. तिने शाळेच्या अर्जासारखी इंग्रजी ईमेल लिहून मला तपासायला पाठवली, मी फक्त एक स्पेलिंग सुधारलं. तीन आठवडे झाले. उत्तर आलं की सांगते म्हणालीये.